कुत्रं चोरीला जाऊ नये म्हणून, आणि गेलंच तर: सोलापूरकरांसाठी सगळं क्रमानं

आमचा गोट्या गेला तो पाण्याच्या दिवशी. सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही पहाटे, मग सगळं घर पाईप, मोटर, बॅरल, हौद यात गुंतलेलं आणि पाईप बाहेर काढायचा म्हणून गेट सताड उघडं. पावणेसहाला आई म्हणाली, गोट्या कुठंय रे. समोरच्या काकूंनी सगळं बघितलं होतं, दोन पोरं स्कूटीवर आली, एकानं पावाची पिशवी वाजवली, गोट्या आपणहून गेला, उडी मारून स्कूटीवर पुढं पाय ठेवायच्या जागेत बसला, मागच्यानं वरून चादर टाकली आणि गेले. चादर पण आपलीच, सोलापुरी. काकूंना वाटलं तुमचेच कोणीतरी पाहुणे असतील, कारण कुत्रं एकदासुद्धा भुंकलं नाही.

स्कूटीवर पुढं बसून फिरायची सवय त्याला मीच लावली होती. रोज संध्याकाळी सैफुलपर्यंत एक चक्कर. तेव्हा लय कौतुक वाटायचं.

अकरा दिवसांनी गोट्या परत मिळाला, पण त्या अकरा दिवसांत मला जे कळलं ते कुत्रं आणलं त्या दिवशीच कळायला हवं होतं. कुलूप, कॅमेरा सगळं ठीक, ते करायचंच, पण खरा घोळ पुढं होतो, जेव्हा कोणीतरी विचारतं की हे कुत्रं तुमचंच कशावरून. त्याचं उत्तर कुत्रं घरात असतानाच तयार करून ठेवावं लागतं, गेल्यावर होत नाही. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम कागदापासून सुरू केलाय, गेटपासून नाही.

१) फाईल करा, आजच

एक प्लास्टिकची फाईल घ्या, शाळेची दहा रुपयेवाली चालते. त्यात हे टाका:

- लसीकरणाचं पुस्तक. त्यावर कुत्र्याचं नाव, जात, रंग, जन्मतारीख आणि मालकाचं नाव भरलेलं पाहिजे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या पुस्तकात पहिलं पान कोरं आहे. डॉक्टर आत स्टिकर चिकटवून सही करतात, पहिलं पान आपण भरायचं असतं, ते राहूनच जातं.
- खरेदीची पावती. ब्रीडरकडून घेतलं असेल तर त्याचं बिल, पैसे फोनवरून दिले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट प्रिंट काढून.
- केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीचे कागद असतील तर ते.
- दवाखान्याची बिलं, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट. ही रद्दी नाही, जपून ठेवा.
- पालिकेकडं पाळीव कुत्र्याच्या परवान्याची चौकशी करा आणि काढला असेल तर त्याची पावती.
- तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स, कारण ऐनवेळी तीच सापडत नाही.

आता कुत्रं मित्रानं किंवा पाहुण्यांनी फुकट दिलं असेल तर? माझं हेच झालं होतं. गोट्या लॅब आहे, म्हणजे लॅब्राडोर, मित्राच्या कुत्रीला पिल्लं झाली त्यातला एक मला दिला, पावतीचा प्रश्नच नाही. ठाण्यात पहिला प्रश्न आला, किंमत किती? मी म्हटलं फुकटात मिळालाय. तिथंच मी फसलो.

कारण कायद्यात असं आहे. चोरी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे नुसती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुम्ही भोळेपणानं फुकट म्हणालात की किंमत शून्य आणि तुमच्या हातात एनसीचा कागद. फुकट मिळालेल्या कुत्र्यालाही बाजारभाव असतो हो, आणि चोर काय तुमची मैत्री बघून नेत नाही.

म्हणून फुकट मिळालं असेल तर देणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या, अमुक तारखेला अमुक जातीचं, अमुक रंगाचं पिल्लू यांना दिलं, अंदाजे किंमत इतकी, खाली सही आणि फोन नंबर. मित्र हसेल. हसू दे.

नवीन पिल्लू घेणार असाल तर अजून एक. कुत्री पैदास आणि विक्रीचे नियम २०१७ पासून आहेत, ब्रीडरची राज्य पशु कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. जो माणूस पावती देत नाही, आई-बाप दाखवत नाही, हायवेवर ढाब्यापाशी या म्हणतो आणि निम्म्या किमतीत देतो, त्याच्याकडचं पिल्लू कोणाच्या तरी घरातून आलेलं असू शकतं. स्वस्तातलं असलं पिल्लू घेणारे आहेत म्हणून तर उचलणारे आहेत, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

२) फोटो काढा, पण गोंडस नाही

मोबाईलमध्ये गोट्याचे चारशे फोटो होते. गॉगल घातलेला, वाढदिवसाची टोपी घातलेला, चादरीत गुंडाळलेला. कामाचा एक पण नव्हता. कामाचे फोटो म्हणजे दिवसाच्या उजेडात डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, पाठीमागून शेपटी, पोट, चारी पंजे आणि दोन्ही कानांच्या आतली बाजू. नाकाचा एकदम जवळून फोटो घ्या, कुत्र्याच्या नाकावरच्या रेषा आपल्या बोटांच्या ठशासारख्या असतात, दोन कुत्र्यांच्या सारख्या नसतात. आणि तुमच्यासोबत कुत्रं आहे असे दोन-चार फोटो, ज्यात तुमचा चेहरा, कुत्रं आणि मागं तुमचं घर दिसतंय. पिल्लू असेल तर दर महिन्याला परत काढा, तीन महिन्यांचं पिल्लू आणि आठ महिन्यांचं कुत्रं यांचा फोटो ताडून बघितला तर कोणी म्हणणार नाही एकच आहे.

खुणांची यादी वेगळी लिहा. पांढरा ठिपका कुठं, कुठलं नख काळं, कुठं टाके. यातली एक खूण कोणालाच सांगायची नाही, पोस्टरवर नाही, ग्रुपवर नाही. ती का, ते अकराव्या नंबरला कळेल.

३) मायक्रोचिप बसवून घ्या

तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईनं टोचतात, लसीपेक्षा थोडी जाड सुई, कुत्रं एकदा कुईं करतं आणि विसरतं. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. हे मी ठळक सांगतो कारण मला स्वतःला वाटायचं की चिप बसवली की मोबाईलवर कुत्रं कुठंय ते दिसतं. दिसत नाही. स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी नंबर दिसतो, बस. पण तो नंबर कातडीखाली आहे, पट्ट्यासारखा काढून फेकता येत नाही, आणि पुस्तकातला नंबर आणि कुत्र्यातला नंबर एकच निघाला की समोरच्याचं तोंड बंद होतं.

तीन गोष्टी विचारूनच बसवा. एक, चिप आयएसओ स्टँडर्डची आहे का, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यातला स्कॅनर पण वाचेल. दोन, तुमच्या डॉक्टरांकडं स्कॅनर आहे का. चिप आहे पण स्कॅनर नाही असं चालत नाही, नसेल तर पुण्याला किंवा हैदराबादला कामानं जाणं होईल तेव्हा तिथं बसवून घ्या. तीन, नंबर कुठं नोंदवला आणि त्यासमोर फोन नंबर कोणाचा आहे. लोक चिप बसवतात आणि नोंदणी करतच नाहीत, मग नुसता आकडा राहतो. फोन नंबर बदललात तर तिथंही बदला. आणि बसवल्यावर त्याचं स्टिकर लसीच्या पुस्तकात लावून डॉक्टरांची सही-शिक्का घ्या.

दरवर्षी रेबीजच्या लसीला जाल तेव्हा एकदा स्कॅन करून बघायला सांगा. चिप कधीकधी सरकून खांद्याकडं जाते, वाचणाऱ्यानं सगळ्या अंगावरून स्कॅनर फिरवायला पाहिजे.

जीपीएसचा पट्टा वेगळी गोष्ट. त्यात सिम असतं, चार्जिंग करावं लागतं, रिचार्ज मारावा लागतो, आणि चोर पहिलं काम करतो ते पट्टा काढून गटारीत टाकायचं. पट्ट्याला एअरटॅग, म्हणजे ॲपलचा छोटा ट्रॅकर, लटकवणारे पण बरेच आहेत, तो आसपासच्या आयफोनच्या जिवावर चालतो, शेतावरच्या वस्तीत तुम्हाला आयफोन कोणाकडं सापडणार, आणि चोराकडंच आयफोन असला तर त्यालाच नोटिफिकेशन जातं की एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय. कुत्रं स्वतः पळून जाणारं असेल तर जीपीएसचा उपयोग होतो, चोरीला फारसा नाही, असं माझं मत.

४) गेट आणि पाण्याचा दिवस

गेटला आतून कडी असतेच, कडीला कुलूप नसतं. साधं कुलूप लावा आणि जमिनीपाशी जाळी मारा, पिल्लं खालूनच ओढून नेतात. पाण्याच्या दिवशी कुत्रं घरात, खोलीत, दार लावून. पाईप बाहेर काढायचाय ना, मग भिंतीला एक भोक पाडून पाईप कायमचा तिथून घ्या, प्लंबर अर्ध्या तासात करतो. आम्ही हे चोरीनंतर केलं.

उन्हाळ्यात अजून एक घोळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळे कूलर लावून आत, आणि कुत्रं पोर्चमध्ये फरशी गार म्हणून बाहेर. त्या वेळेला आख्खी गल्ली रिकामी असते, कोणी काय उचलून नेलं कळत नाही. दुपारी कुत्रं आत घ्या, तसंही ४३-४४ डिग्रीत त्याला बाहेर ठेवू नये. गच्चीवर झोपत असाल तर कुत्रं पण गच्चीवर आणि जिन्याचं दार बंद.

कॅमेरा लावणार असाल तर एक गेटकडं आणि एक रस्त्याकडं लावा, गाडीचा नंबर दिसेल इतक्या उंचीवर. लोक पार वर लावतात, मग फुटेजमध्ये नुसती टकली दिसतात.

पाटी लावायची असेल तर कुत्र्यापासून सावध राहा एवढंच. जातिवंत लॅब, पिल्लं मिळतील असलं काही गेटवर लिहू नका, ते आमंत्रण आहे.

५) फिरवताना

पट्टा गळ्यात घालण्यापेक्षा छातीचा हार्नेस घ्या, ओढून निघत नाही. कंबर तलावाकडं सकाळी फिरायला येणाऱ्यांत मी बघतो, पट्टा हातात आणि कुत्रं मोकळं, काय तर म्हणे ऐकतो तो माझं. ऐकतो हो, पण मटणाच्या हाडाचं पण ऐकतो. रोज एकच वेळ, एकच रस्ता करू नका. दुकानाबाहेर खांबाला बांधून आत जाऊ नका, दोन मिनिटं म्हणून पण नाही, दूध घ्यायला जाताय तर कुत्रं घरी ठेवून जा.

आणि कोणी फार चौकशी करत असेल, दादा कितीला घेतला, नर का मादी, कागद आहेत का, राहता कुठं, तर पहिल्या दोन प्रश्नांना हसायचं आणि नसबंदी झालीय म्हणून सांगायचं. खोटं असलं तरी. पैदाशीसाठी नेणाऱ्याला असलं कुत्रं नको असतं. खरोखर नसबंदी करून घेतली तर अजून उत्तम, माजावर आलेल्या मादीच्या मागं नर गेट उडी मारून जातात आणि मग गेलेलं कुत्रं कोणाच्या हाती लागतं काय की.

ज्यांच्याकडं कारवानी आहेत त्यांनी जरा जास्तच जपा. मुधोळ हाऊंड म्हणतात ते हेच, २००५ मध्ये पोस्टानं त्यांचं तिकीट पण काढलं होतं. पळण्यात आणि शिकारीत नावाजलेलं कुत्रं, मागणी भरपूर, आणि शेतावर मोकळंच असतं.

६) परक्याच्या हातचं खायचं नाही, हे शिकवा

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. लॅबला तर अवघडच, तो जन्मतःच उपाशी असतो. पद्धत साधी आहे. कुत्र्याला न ओळखणारा तुमचा एखादा मित्र बोलवा, त्याच्या मुठीत बिस्किट द्या, कुत्रं तोंड लावायला गेलं की मूठ बंद, तुम्ही मागून नको म्हणायचं, आणि ते मागं फिरून तुमच्याकडं आलं की तुमच्या हातून त्याहून भारी काहीतरी, उकडलेल्या चिकनचा तुकडा वगैरे. पाच-पाच मिनिटं, रोज, माणसं बदलून. मग गेटबाहेरून करायला सांगा. मग स्कूटीवर बसून. आम्हाला दोन महिने लागले आणि अजूनही पावाची पिशवी वाजली की गोट्याचे कान उभे राहतात, पण पाय हलत नाहीत.

पोरांनाही सांगा की शेजारच्या कुत्र्याला येता-जाता बिस्किटं देऊ नका. आपल्या गल्लीत सगळ्यांनी लाडानं बिस्किटं घालून कुत्र्याला एवढं पक्कं करून ठेवलेलं असतं की चोराला नवीन काही करावंच लागत नाही.

७) इंटरनेटवर आणि घरात येणारी माणसं

रीलमध्ये घराचा नंबर, गेट, गल्लीची कमान दिसू देऊ नका. गावाला निघालो असं स्टेटस कुत्र्याच्या फोटोसकट टाकू नका. क्रॉसिंगसाठी नर पाहिजे म्हणून येणाऱ्यांना घरी बोलवण्याआधी त्यांचं ओळखपत्र आणि त्यांच्या डॉक्टरांचा नंबर मागा. रंगारी, सुतार, केबलवाले घरात असताना कुत्रं त्यांच्यासमोर मोकळं नको. सगळे वाईट असतात असं नाही, पण आतल्या माहितीशिवाय पहाटे पावणेसहाची वेळ कोणाला सुचत नाही.

८) गड्डा, दिवाळी, गणपती

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्याला, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्या रात्री आसपासच्या भागातली कुत्री वेड्यासारखी पळतात, आणि घाबरून पळालेलं जातिवंत कुत्रं उचलायला कोणाला चोरी सुद्धा करावी लागत नाही. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत कुत्र्याला फिरवून आणा आणि मग आतल्या खोलीत ठेवा, पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला बिल्ला. आख्खं घर यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघायला जाणार असेल तर एकानं घरी थांबा.

बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव कोरू नका. फक्त फोन नंबर. नाव कळलं की परका माणूस पण हाक मारतो आणि बघणाऱ्याला वाटतं त्याचंच आहे.

९) गेलं तर: पहिले दोन तास

हा क्रम पाठ करा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. मी पहिला अर्धा तास नुसता विजापूर रोडवर गाडी मारत नाव ओरडत होतो.

आधी एक माणूस घरी ठेवा, गेट उघडं ठेवून, पळालेलं असेल तर परत येतं. दुसऱ्यानं गल्लीतले कॅमेरे बघायचे. फुटेज आपोआप पुसलं जातं, कोणाचं आठवड्यात, कोणाचं पंधरा दिवसांत, म्हणून त्याच दिवशी बघा आणि पेन ड्राईव्हवर मागून घ्या. कॅमेऱ्यातली वेळ आणि खरी वेळ यात फरक असतो, आमच्या समोरच्या दुकानाचा कॅमेरा २२ मिनिटं पुढं होता, तो फरक लगेच कागदावर लिहून ठेवा नाहीतर पुढं सगळा हिशोब चुकतो.

चोरून नेताना डोळ्यांसमोर दिसलं तर लगेच पोलिसांना ११२ वर फोन. तिसऱ्यानं शहरातल्या दवाखान्यांना, पेट शॉपना आणि ग्रूमिंगवाल्यांना फोटो आणि चिप नंबर पाठवायचा, नवा मालक पहिल्या आठवड्यात लस नाहीतर गोचिडाच्या औषधासाठी कुठंतरी येतोच. आणि पालिकेची कुत्री पकडायची गाडी त्या दिवशी आपल्या भागात आली होती का ते विचारा, नसबंदीसाठी नेलेलं असू शकतं, ते सगळ्यात सोपं प्रकरण.

पोस्टर मराठीत काढाच, पण खाली कन्नडमध्ये दोन ओळी आणि पूर्वभागात लावणार असाल तर तेलुगूत दोन ओळी. आपलं शहर आहेच तसं. इंडी, विजापूरकडं जाणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना, पहाटे गावांतून येणाऱ्या दूधवाल्यांना एकेक प्रत. बक्षीस योग्य दिलं जाईल एवढंच लिहा, आकडा लिहिला की खोट्यांचा बाजार भरतो. गोट्याचा पत्ता लागला तो एका दूधवाल्या मामांमुळं, त्यांनी चहाच्या टपरीवर पोस्टर बघितलं आणि म्हणाले, असलं कुत्रं आमच्या शेजारच्या वस्तीवर बांधलंय की, आठ दिवस झाले.

१०) पोलिसात काय बोलायचं

हरवलं म्हणू नका. चोरीला गेलं म्हणा, जर खरंच कोणी नेलेलं असेल तर. हरवलं म्हटलं की मिसिंगचा कागद मिळतो आणि तो कागद नुसता तुमच्याकडं राहतो.

सोबत फाईल, फोटो, पेन ड्राईव्ह, आणि बाजारभावाचा आधार. त्याच जातीच्या, त्याच वयाच्या कुत्र्याची किंमत ब्रीडरच्या लेटरहेडवर लिहून आणा. मी पहिल्या दिवशी एनसी घेऊन परत आलो, तिसऱ्या दिवशी मित्राचं पत्र, दवाखान्याची साडेनऊ हजारांची बिलं आणि असा एक भावाचा कागद घेऊन वरिष्ठांना लेखी अर्ज दिला, तेव्हा एफआयआर झाला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवता येते आणि त्यापुढं कोर्टात अर्ज करता येतो, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. तक्रार ऑनलाईन पाठवली तर ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. प्रवासात असताना गेलं, समजा अक्कलकोटला दर्शनाला गेलात आणि तिथून नेलं, तर घरी येऊन झिरो एफआयआर, म्हणजे हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी आपल्या ठाण्यात नोंदवायचा एफआयआर, पण देता येतो.

कुत्रं आपणहून गेलं ना, मग चोरी कशी, असं कोणी म्हणालं तर सांगा. कलम ३०३ च्या खाली उदाहरणं दिलीत त्यात चक्क कुत्र्याचं उदाहरण आहे, खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागं यायला लावलं तर कुत्रं मागं चालायला लागलं त्या क्षणी चोरी झाली. १८६० च्या जुन्या कायद्यात होतं ते १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही तसंच ठेवलंय. मी ते मोबाईलवर दाखवलं तर हवालदारसाहेब स्वतः मोठ्यानं वाचून हसले. घरात शिरून नेलं असेल तर कलम ३०५, त्यात शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

११) पैसे मागणारे फोन

पोस्टर लागल्यापासून चार तासांत पहिला फोन आला. कुत्रं माझ्याकडं आहे, गाडीभाड्याला दोन हजार टाका, आणून देतो. अशा वेळी ती लपवलेली खूण कामाला येते. विचारा, पुढच्या डाव्या पायाला काय आहे. खऱ्याला बघून सांगता येतं, खोटा फोन कट करतो. व्हिडिओ कॉल करायला सांगा, नुसता फोटो नको, फोटो तुमच्याच पोस्टरचा कापून पाठवतात. आधी पैसे कोणालाच नाही, क्यूआर स्कॅन करायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन. धमकी देऊन, कुत्र्याला मारू वगैरे म्हणून पैसे मागत असेल तर ती खंडणी आहे, कॉल रेकॉर्ड करून ठाण्यात द्या.

मला एकूण नऊ फोन आले, खूण एकालाही सांगता आली नाही. दूधवाल्या मामांनी मात्र न विचारता सांगितलं, पुढच्या डाव्या पायाचं वरचं नखच नाहीये बघा त्याला.

१२) सापडल्यावर

एकटे जाऊ नका. चार पोरं घेऊन तर अजिबात जाऊ नका, मारामारी झाली की तुमच्यावरच उलटतं. एफआयआर नंबर घेऊन पोलिसांसोबत जा.

वस्तीवरचा माणूस म्हणाला, सहा हजाराला घेतलाय, नाव रॉकी आहे. मी हाक मारली, गोट्या! शेपटी हलवत आला. त्यानं हाक मारली, रॉकी! तिकडं पण शेपटी हलवत गेला. हवालदार माझ्याकडं बघायला लागले. लोक काय म्हणतात, कुत्रं मालकाला ओळखतं, तेवढा पुरावा बास. आमच्याकडचं कुत्रं बिस्किटाला ओळखतं. शेवटी लसीचं पुस्तक काढलं, त्यात पाच महिन्यांचा असताना गेटमध्ये पाय अडकून नख काढल्याची डॉक्टरांच्या हातची नोंद, तारीख, शिक्का. पाय बघितला, पुस्तक बघितलं, विषय संपला. चिप असती तर हे दोन मिनिटांत झालं असतं, ती आम्ही परत आल्यावर बसवली.

एक गोष्ट माहीत नसते. एफआयआर झालेला असेल तर कुत्रं लगेच तुमच्या हातात देत नाहीत, पंचनामा होतो, ते मुद्देमाल धरलं जातं आणि कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर ताबा घ्यावा लागतो. बाँड लिहून द्यावा लागतो, केस चालू असेपर्यंत विकायचं नाही, बोलावलं की हजर करायचं. वकील लावा, अर्जात लिहा की जिवंत प्राणी आहे, खाणं-औषध लागतं, म्हणजे तारीख लवकर मिळते. गोट्या एक रात्र ठाण्याच्या आवारात होता, सगळ्यांच्या डब्यातली चपाती खाऊन आला, वजन वाढलं असेल तर तिथंच.

घरी आणल्यावर पहिलं डॉक्टर. गोचीड, जंत, रेबीजची तारीख, अंगावर मार, आणि रक्त तपासा, गोचिडाचा ताप नंतर आठवड्यानं वर येतो. पहिले काही दिवस स्कूटीचा आवाज आला की गोट्या सोफ्याखाली जायचा, त्याला ओढून बाहेर काढू नका, वाटेल तेव्हा येऊ द्या.

आणि पोस्टर काढून टाका, सगळी. कुठं कुठं लावली त्याची यादी लावतानाच करा. मी एक टपरीवरचं विसरलो. परवा एका मावशींचा फोन, तुमचं कुत्रं सापडलं, आत्ता आमच्या समोर आहे, विजापूर रोडला, एक माणूस घेऊन चाललाय, पकडू का. मी म्हटलं, मावशी, मागं वळून हात करा, तो माणूस मीच आहे.